मुद्रकाची ओळ

वर्तमानपत्र हातात आलं की मी ते आधी उलटं करते. शेवटच्या पानाच्या तळाशी, जाहिरातींच्याही खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. हे पत्र मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी मालक तमुक यांच्यासाठी या या मुद्रणालयात छापून या या पत्त्यावर प्रसिद्ध केले. मग संपादकाचं नाव, त्यावर चांदणीची खूण, आणि परवापरवापर्यंत पीआरबी, म्हणजे छापखाने व छापील मजकुराच्या नोंदणीच्या जुन्या कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी त्यांची. सगळा पेपर वाचून संपला तरी ही ओळ कुणी वाचत नाही. आमच्या घरात ती सगळ्यांत आधी वाचली जायची.

माझे बाबा तसल्याच एका ओळीतले ‘मुद्रक’ होते. त्याच ओळीतले ‘प्रकाशक व संपादक’ पुढे आमदार झाले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, मतदारसंघही सांगणार नाही. ते आता नाहीत आणि त्यांच्या घरच्यांनी ही गोष्ट कधी चारचौघांत काढली नाही, तो त्यांचा हक्क आहे. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. बाबा त्यांना भाऊ म्हणायचे, आणि नागपुरात भाऊ म्हटलं की त्यात आदरही आला आणि भांडायची मुभाही आली. डिसेंबर लागतो, अधिवेशनासाठी सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर बांबूचे कठडे उभे राहतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला पोलिसांच्या गाड्या लागतात, आणि मला काका आठवतात. किती वर्षं मनात घोळवलेलं यंदा लिहून काढते आहे.

आमचा छापखाना महालात होता, एका वाड्याच्या रस्त्याकडच्या दोन खोल्यांत. एक ट्रेडल मशीन, आधी पायानं चालणारं, नंतर त्याला मोटार बसवलेली. देवनागरीला खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, फार लागतात. अर्धी अक्षरं वेगळी, काना-मात्रा वेगळ्या, जोडाक्षरं वेगळी, त्यामुळे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या समोर आणि दोन्ही हातांना केसी, खिळ्यांच्या खणाखणांच्या पेट्या, मांडलेल्या असायच्या. कुठल्या खणात काय आहे हे बोटांना पाठ. लग्नसराईत ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ यांचे खिळे कमी पडायचे. डिसेंबरात मोर्च्यांची हँडबिलं यायची, त्यांत प्रत्येक मागणीपुढे ‘झालेच पाहिजे’, आणि मग उद्गारचिन्हं संपायची. बाबा मोर्चेकऱ्यांना सांगायचे, शेवटच्या चार मागण्या पूर्णविरामावर भागवा.

काकांचं साप्ताहिक चार पानांचं. बुधवारी रात्री पानं लागायची, गुरुवारी दुपारी गठ्ठे बांधून पोस्टात आणि एसटीत. नववीत असल्यापासून मी प्रूफ वाचायला बसायचे. मी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे, काका मुद्रितावर नजर ठेवायचे. ऱ्हस्व-दीर्घ ते तपासायचेच, पण त्यांची एक वेगळी खूण होती. एखाद्या वाक्यापाशी थांबून समासात ‘का’ लिहायचे आणि त्याभोवती वर्तुळ काढायचे. ‘का’ म्हणजे कागद. या वाक्याला कागद आहे का? सातबाराचा उतारा, ठरावाची नक्कल, बिलाची झेरॉक्स, निदान सही केलेलं पत्र. नसला तर वाक्य जायचं. रात्री अकरा वाजता पानात दीड इंचाचं भोक पडायचं आणि बाबा कुरकुरत तिथे ‘वर्गणीदारांस विनंती’ बसवायचे. ती विनंती इतक्या वेळा छापली गेली की वर्गणीदारांना वाटत असेल, हा माणूस फारच कडकीत आहे. कडकीत होतेच ते. पण त्या भोकांमागचं कारण वेगळं होतं, ते आम्हा तिघांनाच ठाऊक.

मुद्रकाची ओळ मात्र दर आठवड्याला नव्यानं जुळवली जात नसे. ती एकदाच जुळवून, चारी बाजूंनी सुतळीनं घट्ट आवळून गॅलीत, जुळवलेला मजकूर ठेवायच्या तबकात, एका कोपऱ्यात ठेवलेली असे. अंक छापून झाला की बाकीचे सगळे खिळे सुटे करून आपापल्या खणांत जायचे, ही ओळ तेवढी पुसून परत कोपऱ्यात. त्या ओळीत बाबांचं आणि काकांचं नाव शेजारी-शेजारी होतं, उलट्या अक्षरांत. मी लहानपणी उलटं वाचायला त्यावरच शिकले.

त्या ओळीमागचा तेव्हाचा कायदा १८६७ सालचा. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण हवं. नियतकालिक असेल तर मुद्रकानं आणि प्रकाशकानं दंडाधिकाऱ्यासमोर डिक्लरेशन द्यायचं. नाव न टाकता छापलं तर दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंग्रजांनी तो केला तो आपल्यावर नजर ठेवायला, यात शंका नाही. तरी बाबा त्याच्याकडे तसं पाहत नसत. कलेक्टर ऑफिसात जाऊन सही केली त्या दिवशी ते घरी पेढे घेऊन आले होते, असं आई सांगायची. छापलेल्या शब्दाला धनी हवा, एवढाच त्यांना त्या कायद्याचा अर्थ लागला होता.

मग तलावाची भानगड झाली.

पूर्व विदर्भात, भंडारा आणि चंद्रपूरकडे, गावागावांत जुने मालगुजारी तलाव आहेत, मालगुजार म्हणजे तिकडच्या जमीनदारांच्या काळातले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, नाव तेच राहिलं. धानाची सगळी शेती त्यांच्यावर. अशाच एका तलावाची पाळ दुरुस्त केल्याचं बिल निघालं होतं आणि पाळीवर एक टोपली माती पडली नव्हती. पाणी सोडायचं तुडूमही तसंच फुटकं. काका दोन दिवस गावात राहून आले. मोजमापाच्या नोंदीची नक्कल मिळवली, गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या. त्या मजकुरात एकाही ठिकाणी ‘का’ नव्हता. सगळ्याला कागद होता. ठेकेदाराच्या नावासकट छापून आलं.

दीड महिन्यानं समन्स आलं. अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद, भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात. आरोपी क्रमांक एक संपादक, क्रमांक दोन प्रकाशक, म्हणजे पुन्हा काकाच, आणि क्रमांक तीन मुद्रक. बाबांनी त्या बातमीतला एक शब्दही लिहिलेला नव्हता. त्यांनी फक्त खिळे जुळवले होते आणि खाली आपलं नाव टाकलं होतं.

चार वर्षं ते चाललं. सव्वीस तारखा, बाबांच्या रोजनिशीत एकेक लिहिलेली आहे. पहाटे गणेशपेठच्या स्टँडवरून एसटी, डब्यात पोळी आणि लोणचं, कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली दुपारपर्यंत बसून राहायचं. मग पुकारा व्हायचा, फिर्यादीचे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले असायचे, आणि पुढची तारीख. त्या दिवशी मशीन बंद. लग्नपत्रिकांची कामं दुसरीकडे जायची, कारण मुहूर्त थांबत नाही. आई एकदाच बोलली, की दुसऱ्याच्या लिहिण्यापायी आपण काऊन मरायचं. बाबा म्हणाले, “दुसऱ्याचं कसं? खाली नाव माह्यं आहे.” शेवटी ठेकेदाराला कंटाळा आला. तो लागोपाठ गैरहजर राहिला आणि फिर्यादी गैरहजर म्हणून आरोपी सुटले. खरं की खोटं याचा निकाल लागलाच नाही. बाबांना त्याचं फार वाईट वाटलं. सुटका झाली त्या संध्याकाळी ते हिरमुसून बसले होते. त्यांना “बातमी खरी होती” असं न्यायाधीशाच्या तोंडून ऐकायचं होतं.

काका विधानसभेला उभे राहिले ते त्यानंतर काही वर्षांनी. का उभे राहिले हे मी त्यांना कधी नीट विचारलं नाही. तलावाच्या गावानं त्यांना आग्रह केला हे एक. दुसरं म्हणजे नागपुरात छापखान्यातून विधिमंडळात जाण्याची वाट नवी नव्हती. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजानं इथे ‘हितवाद’ सुरू केला, ते गोखले स्वतः आधी मुंबईच्या आणि मग कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात बोलणारे. मा. गो. वैद्य हिस्लॉप कॉलेजातली संस्कृतची प्राध्यापकी सोडून १९६६ मध्ये ‘तरुण भारत’मध्ये आले, संपादक झाले आणि १९७८ ते १९८४ विधान परिषदेचे नामनियुक्त सदस्य होते. जवाहरलाल दर्डा यवतमाळात साप्ताहिक ‘लोकमत’ चालवत होते. १५ डिसेंबर १९७१ ला त्यांनी नागपुरात त्याचं दैनिक केलं, आणि विधान परिषद व मंत्रिपद असा त्यांचा दुसरा संसार त्याच काळात सुरू होता. बनवारीलाल पुरोहित १९७८ आणि १९८० मध्ये नागपुरातून विधानसभेवर गेले, मंत्री झाले, खासदार झाले, ‘हितवाद’ त्यांनी चालवायला घेतला, आणि पुढे आसाम, तमिळनाडू, पंजाब अशा राज्यांचे राज्यपाल झाले. वैद्य, दर्डा, पुरोहित या तिघांची राजकारणं वेगवेगळी, आणि काकांचं यांपैकी कुणाशीच जुळणारं नव्हतं. पण वैद्यांचे लेख ते कापून ठेवायचे. वाक्य कसं बांधावं हे बघायला, असं म्हणायचे.

घटनेच्या १७१ व्या कलमात राज्यपालांनी विधान परिषदेवर कुणाला नेमावं त्याची यादी आहे. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ, समाजसेवा. पत्रकारिता त्यात नाही. काकांना याचं नवल वाटायचं नाही. पेपरवाल्यानं निवडूनच यावं, नेमलं जाऊ नये, असं त्यांचं मत. मला ते तेवढं पटत नाही. कुणाकुणाच्या बाबतीत नेमणूकच बरी असते, मतं मागायला गेलेला संपादक पहिल्यांदा आपली धार गमावतो. पण काकांनी गमावली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

ते आमदार झाले तेव्हा मी बी.ए.ला होते. त्यांनीच पास काढून मला प्रेक्षक गॅलरीत नेलं. हे अधिवेशन नागपुरात का होतं हे इथल्या पोरासोरांना माहीत असतं. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि ती गेली तेव्हा वर्षातून निदान एक अधिवेशन इथे होईल हा शब्द १९५३ च्या नागपूर करारात दिलेला होता. तेवढे दिवस शहराला पुन्हा राजधानीचे कपडे चढतात. मला सभागृहात सगळ्यांत जास्त कोण आवडलं असेल तर मधोमध टेबलाशी बसलेले प्रतिवेदक. वर कितीही गोंधळ चालू दे, ते खाली मान घालून शब्द टिपत होते. ठरावीक मिनिटं झाली की एक उठायचा, दुसरा बसायचा, आणि शब्दांची धार तुटायची नाही. आमच्या छापखान्यात पाळी बदलायची तशीच.

त्या वर्षी काकांनी त्याच तलावावर तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न लावला. विधिमंडळाच्या प्रश्नाची एक ठरलेली भाषा असते, आणि मला ती मराठीतली फार सुंदर भाषा वाटते. अमुक तालुक्यातील मौजे अमुक येथील माजी मालगुजारी तलावाच्या पाळीच्या दुरुस्तीचे काम न करताच देयक अदा करण्यात आल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, उक्त प्रकरणी चौकशी करण्यात आली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? यात आरोप कुठेच नाही आणि सगळा आरोप आहे. उत्तरं तितकीच ठरलेली. हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. ज्या माणसानं वीस वर्षं समासात ‘का’ लिहिलं, त्याला ही भाषा शिकवावी लागली नाही. मंत्र्यांनी उत्तर दिलं, “हे अंशतः खरे आहे.” त्या चार शब्दांसाठी बाबांनी सव्वीस वेळा एसटी पकडली होती.

मग उपप्रश्न आले. काका उभे राहिले. नकाशा होता, नोंदीची नक्कल होती, तारखा होत्या. ते एकेक कागद दाखवत बोलले आणि खाली बसले. ठेकेदाराचं नाव त्यांनी घेतलं नाही.

रात्री ते आमच्याकडे आले. आमदार निवासात खोली असूनही बुधवार म्हणून आले, अंक लागायचा होता. बाबा ट्रेडलपाशी उभे होते. त्यांनी हातही पुसले नाहीत.

“भाऊ, नाव काऊन नाही घेतलं?”

“गरज नव्हती.”

“गरज नव्हती? चार वर्षं मी त्या एसटीत बसलो. तुमाले तिथं कोणी हात लावू शकत नाही. एकदा नाव घेतलं असतं त काय झालं असतं?”

काकांनी टोपी काढून कागदाच्या रिमावर ठेवली. “तेच त सांगून राहिलो. आपण छापलं तेव्हा त्याले कोर्टात जाता आलं. तिथं बोललो असतो त तो कुठं गेला असता?”

बाबा काही बोलले नाहीत. अंक छापून दिला. पण पुढचे दोन-तीन महिने ते काकांशी कामापुरतंच बोलत होते, आणि मी मनातून पूर्णपणे बाबांच्या बाजूची होते.

काका जे म्हणत होते ते घटनेच्या १९४ व्या कलमात आहे, हे मला नंतर कळलं. विधिमंडळात बोललेल्या कुठल्याही शब्दासाठी, दिलेल्या कुठल्याही मतासाठी सदस्यावर कोणत्याच कोर्टात कारवाई होऊ शकत नाही. लोकप्रतिनिधीला निर्भयपणे बोलता यावं म्हणून ही ढाल आहे आणि ती असायलाच हवी. ती नसती तर तलावाचा प्रश्न कुणी लावला असता? २०२४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितलं की पैसे घेऊन केलेल्या भाषणाला वा मताला ही ढाल नाही. पण नुसत्या शब्दाला ती आहेच. सभागृहाबाहेरच्या माणसावर आधी नोटीस दिल्याशिवाय आरोप करू नये असा नियम असतो. अध्यक्ष शब्द कामकाजातून काढूनही टाकतात. पण बोललं गेलेलं त्या आधी शंभर कानांत गेलेलं असतं, आणि ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो माणूस घरी रेडिओपाशी बसलेला असतो.

काढून टाकलेल्या शब्दांची एक जुनी केस काका मला नेहमी सांगत. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’नं १९५७ मध्ये बिहार विधानसभेतलं एक भाषण छापलं, अध्यक्षांनी वगळलेल्या भागासकट. संपादक एम. एस. एम. शर्मांना हक्कभंगाची नोटीस आली, ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयानं कौल विधानसभेच्या बाजूनं दिला. बोलणाऱ्याला काही नाही, छापणारा अडकला. पुढे आणीबाणीनंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ३६१-अ हे कलम आलं आणि विधिमंडळाच्या कामकाजाचा खराखुरा वृत्तान्त छापणाऱ्याला संरक्षण मिळालं, द्वेषानं छापलेला नसेल तर. काका हे सांगताना बाबांकडे बघायचे. बाबा न ऐकल्यासारखं करून शाई घोटत राहायचे.

बाबांचा राग गेला तो एका रात्री, आणि ती रात्र मी कधी विसरणार नाही. काका एक जाड लखोटा घेऊन आले. सभागृहातल्या त्यांच्या भाषणाचा टंकलिखित मजकूर होता तो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’. सदस्यानं वाचून चुका दुरुस्त करून परत द्यायची असते. काकांनी आमच्या केसीवर पानं पसरली आणि नेहमीच्या मुद्रितासारखी वाचायला घेतली, त्याच खुणांनी. इथे मात्रा सुटली, इथे शब्द फिरवून घ्या. मग एका जागी थांबले. कुठल्याशा वादात ते एका अभियंत्याबद्दल बोलून गेले होते, की या माणसानं डोळे विकले आहेत. पेन तसंच धरून ते बराच वेळ बसले. मी मान वाकवून पाहिलं. समासात त्यांनी ‘का’ लिहिलं होतं आणि वर्तुळ काढलं होतं.

बाबा म्हणाले, “खोडून टाका भाऊ. कोणाले समजते?”

“व्याकरण दुरुस्त करता येते. बोललो ते नाही बदलता येत.” मग हळूच म्हणाले, “नियम नसता तरी नसतं खोडलं. अंक निघून गेला. आता शुद्धिपत्रच द्यावं लागते.”

‘का’वर त्यांनी रेघ मारली, वाक्य तसंच ठेवलं, सही केली. दोन दिवसांनी सभागृहात उभं राहून त्यांनी ते शब्द मागे घेतले. कुणी मागणी केली नव्हती, विरोधकांना तर त्या वाक्याची आठवणही नव्हती. एकाही पेपरात बातमी आली नाही. आमच्या साप्ताहिकात आली, तिसऱ्या पानावर, शुद्धिपत्र या मथळ्याखाली चार ओळी. त्या बाबांनी स्वतः जुळवल्या. जुळवताना म्हणाले, “हा माणूस तिथंही मुद्रकाचं नाव टाकूनच बोलून राहिला.”

काकांकडे डॉ. आंबेडकरांच्या मुंबई विधिमंडळातल्या भाषणांचा खंड होता, सरकारनं छापलेला. दीक्षाभूमीवर दसऱ्याला पुस्तकांचे जे स्टॉल लागतात तिथे रांगेत उभं राहून आणलेला. पहिल्यांदा मी तो जाडीला घाबरून परत ठेवला. मग काकांनी मला दोन तारखा दाखवल्या. २४ फेब्रुवारी १९२७ ला बाबासाहेब मुंबई कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. मधे २० मार्चला महाडचं चवदार तळं. सहा आठवड्यांत एका माणसानं सभागृह, पाणवठा आणि छापखाना या तिन्ही ठिकाणी पाय रोवले. आणि भाषण उघडून बघ, काका म्हणाले, आकडे बघ. मी वाचलं. जमीन-महसुलाचा बोजा छोट्या शेतकऱ्यावर कसा पडतो हे तिथे हिशेबानं मांडलेलं आहे. नेमलेला सदस्य होता, ढाल होतीच, तरी प्रत्येक वाक्य कोर्टात उभं राहील असं. नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी त्याच्याही आधी स्वतःचा छापखाना काढून पत्रं चालवली होती. काकांच्या घरात बनसोड्यांचं नाव देवाचं नाव घ्यावं तसं घेतलं जायचं. काका स्वतःला त्या वंशावळीत धरत, मोठ्यानं कधी म्हणाले नाहीत.

एक टर्म झाली आणि ते पडले. चांगले आपटले. मतदारसंघात त्यांच्याबद्दल तक्रार हीच, की भाऊ सभागृहात भांडत नाहीत, टेबलावर चढत नाहीत, पेपरात फोटो येत नाही. तलावाची पाळ मात्र झाली होती, तुडूमही नवं बसलं. ज्या गावाला पाणी मिळालं तिथे त्यांना मतं मिळाली, बाकीच्यांनी प्रश्नोत्तरांची यादी कशाला वाचावी? मी त्या वेळी मतदारांवर चिडले होते. आता तेवढी चिडत नाही. काम केलं आणि सांगितलं नाही, ही चूक काकांची होती. ज्यानं वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या दिल्या त्याला स्वतःची देता आली नाही. कार्य-अहवाल छापू, मी कंपोझिंगचे पैसे घेत नाही, असं बाबांनी दोनदा सांगितलं होतं. काकांनी तो कधी लिहूनच दिला नाही.

त्यानंतर साप्ताहिक थोडी वर्षं चाललं. ऑफसेट आलं, डीटीपी आलं, महालातली ट्रेडल एकेक करून भंगारात गेली. मी पुढची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या कार्यालयांत मुद्रितं तपासण्यात काढली, पडद्यावर. सवय अशी की आजही फोनवर कुणी मजकूर पाठवला की मी बोटानं तळापर्यंत जाते. खाली काहीच नसतं. पुढे पाठवणाऱ्याचं नाव असतं, लिहिणाऱ्याचं नसतं, आणि ज्या शब्दानं कुणाचं घर मोडेल तो शब्द सकाळच्या चहाबरोबर चारशे जणांकडे गेलेला असतो. १८६७ चा तो कायदाही आता गेला. नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, नोंदणी ऑनलाइन, दंडाधिकाऱ्यासमोर डिक्लरेशन द्यायची पद्धत संपली. सोय झाली, ती व्हायलाच हवी होती. छोट्या पेपरवाल्याला त्या कचेरीनं पुष्कळ रडवलं आहे. तरी ती बातमी वाचली त्या दिवशी मला बाबांचे पेढे आठवले. बाबांच्या बाजूची मी कधी काकांच्या बाजूला आले, ते मला नेमकं सांगता येणार नाही. एका दिवसात झालेलं नाही.

छापखाना बंद केला तो उन्हाळ्यात. मशीन घेणारा कॉटन मार्केटकडून येणार होता, खिळे वजनावर जाणार होते. वितळवायचेच होते, तेव्हा केसीत लावले काय आणि पोत्यात भरले काय. बाबा ऐकेनात. खिळे नीट सोडूनच द्यायचे म्हणाले. काका तेव्हा पंच्याहत्तरीला आलेले, सायकलरिक्षा करून आले. सगळं झालं आणि गॅलीच्या कोपऱ्यात सुतळीनं बांधलेली ओळ राहिली.

बाबांनी ती उचलली आणि काकांपुढे धरली. काकांनी सुतळीची गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती इतक्या वर्षांच्या शाईनं दगड झाली होती. मी ब्लेड आणून दिलं. ओळ हातात सैल झाली. त्यांना कंपोझिंग कधीच येत नव्हतं, आयुष्यभर त्यांनी फक्त कागद वाचला होता. चष्मा कपाळावर सरकवून ते एकेक खिळा डोळ्यांजवळ नेत होते, उलटं अक्षर ओळखत होते, आणि बाबा बोट दाखवतील त्या खणात टाकत होते. आधी बाबांचं नाव सुटलं, मग पत्ता, मग त्यांचं स्वतःचं. मधेच थांबून त्यांनी एक खिळा माझ्यासमोर धरला.

“पोरी, हा ‘ळ’ आहे नं? याचा खण कोणता?”

मी दाखवला. उजव्या हाताची केस, वरून दुसरी ओळ.